वेशीवरची कोंडी

रोमन लिपीतील एका छापील पानावर साधारण २,००० अक्षरे मावतात असे धरू. संगणकाच्या हिशेबात त्यातील प्रत्येक अक्षर म्हणजे ८ बिट. तेव्हा एक पान म्हणजे १६,००० बिट झाले. हे पान एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तारेने पाठवायचे आहे. अंतर आहे ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६६ मीटर. तारेवरून सेकंदाला ३२,००० बिट जात असतील, तर पान अर्ध्या सेकंदात पोचेल. आता काही कारणाने हा वेग सेकंदाला अवघ्या ४० बिटांवर आला असे समजा. १६,००० ला ४० ने भागा. उत्तर येते ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद. सेकंदाला १.२ मीटर अशा रमतगमत चालीने गेलात तरी तेवढे अंतर तुम्ही पाच मिनिटांत चालून जाल. मग तारेपेक्षा कागद हातात घेऊन जाणारा शिपाई बरा!

हे उदाहरण कल्पनेतले नाही. १९८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथे असेच घडले. सायक्लोट्रॉनचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या नावाची प्रयोगशाळा तेथे टेकडीवर आहे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा परिसर टेकडीच्या पायथ्याशी. दोन्हीकडचे संगणक आर्पानेट या त्या काळच्या जाळ्याने जोडलेले होते. एरवी ३२,००० बिटांनी वाहणारा मजकूर ४० बिटांवर आला. वेग ८०० पटींनी घसरला, आणि तोही तार न तुटता, यंत्र न जळता. सगळे चालू होते, पण काम मात्र होत नव्हते.

पूर्ण बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. कधी चालते, कधी चालत नाही, असे यंत्र माणसाची खरी परीक्षा पाहते. बर्कलीचे हे दुखणे कसे शोधले गेले ते आपण पाहू. त्यासाठी आधी थोडी तयारी हवी.

पाकीट आणि पोच

दोन जाळ्यांच्या सीमेवर जो संगणक बसवलेला असतो त्याला गेटवे म्हणतात. आपल्याकडील जुन्या गावांना तट असे आणि तटाला वेस असे. गावात येणारी-जाणारी प्रत्येक बैलगाडी वेशीतूनच जाई. गेटवे ही जाळ्याची वेस होय. पूर्वी हे काम एखाद्या कपाटाएवढ्या संगणकाकडे असे. पुढे कचेऱ्यांतून जुना झालेला एखादा संगणक या कामाला कोपऱ्यात बसवून ठेवीत. आज ते काम करणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. तुमच्या शाळेच्या संगणक-कक्षात लुकलुकत्या दिव्यांची जी लहानशी पेटी भिंतीवर दिसते, ती तीच.

जाळ्यातून मजकूर अखंड जात नाही. त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालतात. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक असतो. पाकीट मिळाले की घेणारा संगणक उलट पोच पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा ‘पाकीट हरवले’ असे समजून तेच पाकीट पुन्हा पाठवतो. या व्यवहाराच्या नियमावलीला टीसीपी असे नाव आहे. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली तिचा आराखडा मांडला आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेट तिच्यावर चालू लागले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पाकीट पोचेलच अशी हमी गेटवे कधीच देत नाही. आलेले पाकीट तो रांगेत ठेवतो, पुढची तार मोकळी झाली की रवाना करतो. रांगेला जागा किती? गेटवेच्या स्मृतीत असेल तितकी. रांग भरली की नवे आलेले पाकीट तो सरळ टाकून देतो आणि ते टाकल्याचे कोणाला कळवतही नाही. हरवलेल्याची भरपाई करणे हे दोन टोकांच्या संगणकांचे काम. हा धडधडीत निष्काळजीपणा वाटेल, पण त्यामुळेच गेटवे साधा राहिला आणि जाळे एवढे वाढू शकले.

आता थोडे गणित करू. त्या काळी कचेरीच्या आतील तारेवर, म्हणजे ईथरनेटवर, सेकंदाला १ कोटी बिट जात. बाहेर जाणाऱ्या आर्पानेटच्या तारेवर ५६,००० बिट. एक पाकीट ५१२ बाइटांचे, म्हणजे ४,०९६ बिटांचे धरा. ते आतून गेटवेपर्यंत यायला सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात आणि बाहेर पडायला सुमारे ७३ मिलिसेकंद. म्हणजे एक पाकीट बाहेर जाईपर्यंत आतून सुमारे १८० येऊ शकतात! समजा, रांगेत ४० पाकिटे उभी आहेत. शेवटच्या पाकिटाला ४० गुणिले ७३, म्हणजे सुमारे २.९ सेकंद थांबावे लागेल. आणि समजा, पाठवणारा संगणक पोचेची वाट फक्त एक सेकंद पाहतो. काय होईल?

पाकीट हरवलेले नाही. ते रांगेत उभे आहे. पण सेकंद संपताच पाठवणारा त्याची दुसरी प्रत सोडतो. आणखी एका सेकंदाने तिसरी. आता रांगेत एकाच पाकिटाच्या तीन प्रती झाल्या. तार पूर्ण वेळ राबते आहे, पण तिच्या कामातील दोन तृतीयांश फुकट चालले आहे. शिवाय या जादा प्रतींनी रांग आणखी लांबते, त्यामुळे पोच आणखी उशिरा येते, म्हणून आणखी प्रती सुटतात. स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकाचा आवाज कर्ण्यातून निघून पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरला की जी किंकाळी उठते, ती तुम्ही ऐकली असेल. परिणाम स्वतःच्याच कारणाला बळ देतो, हे दोन्हीकडे सारखे आहे. आणि ध्वनिक्षेपकाची किंकाळी जशी आपोआप थांबत नाही, तशी ही कोंडीही एकदा जमली की सुटत नाही.

फोर्डच्या कचेऱ्यांतील इशारा

बर्कलीच्या आधी दोन वर्षे एका माणसाने हे पाहिले होते. जॉन नेगल हे फोर्ड एरोस्पेस या कंपनीत काम करीत. फोर्डच्या चार ठिकाणच्या कचेऱ्या (एक मिशिगनमध्ये, दोन कॅलिफोर्नियात आणि एक इंग्लंडमध्ये) कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याने जोडलेल्या होत्या. त्यातील तारा सेकंदाला १,२०० बिटांपासून १ कोटी बिटांपर्यंत सर्व प्रकारच्या होत्या. कामाच्या ऐन वेळी एक पाकीट पोचायला कित्येक सेकंद लागत. १९८४ सालच्या जानेवारीत नेगल यांनी एक टिपण प्रसिद्ध केले आणि ही कोंडी कशी होते व का टिकून राहते ते त्यात सांगितले. आर्पानेटला अजून हा त्रास झालेला नाही, कारण त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त क्षमता पडून आहे, असेही त्यांनी नोंदवले होते.

नेगल यांनी दाखवलेली एक उधळपट्टी मजेदार आहे. दूरच्या संगणकावर काम करताना कळफलकावर एक अक्षर दाबले की एक बाइट मजकूर तयार होई. तो पाठवायला पत्ते व क्रमांक यांचे ४० बाइट जोडावे लागत. एक चिमूट मीठ पाठवायला चाळीस चिमटींची पिशवी! त्यांनी सुचवलेला उपाय असा : आधी पाठवलेल्याची पोच येईपर्यंत नवी अक्षरे साठवून ठेवा आणि मग ती सर्व एकाच पाकिटात घाला. तार मोकळी असेल तर पोच लगेच येते आणि काही अडत नाही. तार तुंबलेली असेल तर पाकिटे आपोआप कमी होतात. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात वेळ मोजणारे घड्याळच नाही. परिस्थितीच घड्याळाचे काम करते.

कचेरीतील जाळे रेंगाळू लागले की गेटवे बंद करून पुन्हा चालू करण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. पुष्कळदा त्याने बरे वाटते. का वाटते ते आता तुम्हीच सांगू शकाल. वीज गेली की स्मृतीतील रांग पुसली जाते आणि वेस क्षणभर मोकळी होते. पण गाड्या हाकणाऱ्यांची रीत बदललेली नसते. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

उलटा प्रश्न

लॉरेन्स प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठात युनिक्स प्रणालीवर काम करणारे मायकेल कॅरेल्स हे बर्कलीच्या दुखण्याच्या मागे लागले. तारेवरून जाणाऱ्या पाकिटांच्या नोंदी घेऊन ते महिनोन्‌महिने पाहत बसले. कोणते पाकीट कधी निघाले, त्याची पोच कधी आली, कोणते पुन्हा निघाले. तरी कारण हाती लागेना.

मग जेकबसन यांनी प्रश्न उलटा केला. हे बिघडते का, हे मला कळत नाही. कारण मुळात हे चालत तरी कसे होते, हेच मला ठाऊक नाही! आतून १ कोटी बिटांच्या वेगाने सुटलेली पाकिटे ५६,००० बिटांच्या तारेतून सुखरूप पलीकडे जात होती, ती कशी?

उत्तर शोधताना त्यांचे लक्ष पोचेकडे गेले. चित्रपटगृहाच्या अरुंद दारातून लोक बाहेर पडताना पाहा. आत गर्दी कशीही असो, बाहेर माणसे एकामागे एक, सारख्या अंतराने येतात. पाकिटांचेही तसेच. अरुंद तारेतून ती ७३ मिलिसेकंदांच्या अंतराने बाहेर पडतात. घेणारा प्रत्येकाची पोच पाठवतो, तेव्हा पोचाही त्याच अंतराने परत येतात. पाठवणाऱ्याने जर एक पोच आल्यावरच एक नवे पाकीट सोडले, तर त्याचा वेग अरुंद तारेच्या वेगाशी आपोआप जुळतो. तारेचा वेग त्याला कोणी सांगावा लागत नाही. जाळ्यातील पाकिटांची संख्या कायम राहते : एक बाहेर पडले तरच एक आत. भौतिकशास्त्रात आपण वस्तुमानाच्या वा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकतो. येथे जेकबसन यांनी पाकिटांच्या अक्षय्यतेचा नियम मांडला.

मग बिघाड कोठे होता? हा समतोल एकदा साधला की चाले, पण तो साधण्याची सोय नव्हती. सुरुवातीला पोच नसते, म्हणून घड्याळही नसते. त्या काळचे संगणक सुरुवातीलाच परवानगी असेल तितकी सारी पाकिटे एकदम वेशीवर नेऊन आदळत. रांग भरे, पाकिटे फेकली जात, आणि पुनरावृत्तीचे चक्र सुरू होई. जेकबसन यांनी दोन सन संगणक घेतले. मध्ये गेटवे आणि सेकंदाला २,३०,४०० बिटांचा दुवा. जुन्या पद्धतीने मजकूर पाठवला तेव्हा दुव्याच्या क्षमतेपैकी फक्त ३५ टक्के उपयोगी लागली. जवळजवळ प्रत्येक पाकीट निदान दोनदा गेले आणि काही भाग तर पाच वेळा! म्हणजे सर्वांचा संशय ज्याच्यावर होता तो गेटवे बव्हंशी निर्दोष ठरला. दोष होता दोन्ही टोकांच्या संगणकांच्या वागणुकीत.

दुरुस्ती टोकांनाच केली गेली. प्रथम एकच पाकीट पाठवायचे. पोच आली की दोन, त्यांच्या पोचा आल्या की चार, मग आठ. याला ‘सावकाश सुरुवात’ असे नाव पडले. दर फेरीला दुप्पट होणाऱ्या गोष्टीला सावकाश म्हणणे गमतीचेच. पण एकदम आदळण्याच्या मानाने ती सावकाश खरी. पाकीट हरवले की समजायचे, वेस भरली. समजा, १६ पाकिटे सोडल्यावर हे झाले, तर मर्यादा निम्मी, म्हणजे ८ करायची. पुन्हा एकपासून सुरुवात करून ८ पर्यंत झटपट जायचे आणि त्यापुढे मात्र दर फेरीला एकेकानेच वाढायचे. घटवताना निम्म्याने, वाढवताना एकेकाने. पोचेची वाट किती पाहायची याचाही हिशेब सुधारला. नुसती सरासरी वेळ धरण्याऐवजी, वेळ सरासरीपासून किती मागेपुढे होते, ते विचलनही त्यात घेतले. सारखी गर्दी असलेल्या रस्त्यावर पाहुण्याची वाट अधिक वेळ पाहावी, हे शहाणपण संगणकाला गणिताने शिकवले.

१९८८ साली हे सर्व जेकबसन यांच्या निबंधात प्रसिद्ध झाले आणि बर्कलीच्या युनिक्स प्रणालीतून जगभर गेले. तुमच्या घरातील भ्रमणध्वनीतही या नियमांचे वंशज चालू आहेत. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत राज जैन, के. के. रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करीत होते. पाकीट टाकून देण्याऐवजी गेटवेने त्यावर ‘येथे गर्दी आहे’ अशी एका बिटाची खूण करावी, असे त्यांनी सुचवले. ही कल्पनाही पुढे निराळ्या रूपाने रूढ झाली.

आपल्या वेशीची परीक्षा

आता तुमच्या शाळेच्या कक्षाकडे वळू. जाळे अधूनमधून रखडते अशी तक्रार आहे. शिक्षकांची परवानगी घ्या आणि वही-पेन्सिल जवळ ठेवा. मायकेल म्यूस या अमेरिकन संशोधकाने १९८३ सालच्या डिसेंबरात ‘पिंग’ नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधणारे यंत्र जसा ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, तसे पिंग एक पाकीट सोडते आणि ते परत यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. आज्ञा द्यायच्या चौकटीत रोमन अक्षरांत पिंग लिहून पुढे संगणकाचा क्रमांक लिहा.

आधी स्वतःच्याच संगणकाला हाक मारा. त्याचा क्रमांक सर्वत्र १२७.०.०.१ असतो. मग शेजारच्या संगणकाला, मग गेटवेला, आणि शेवटी बाहेरच्या एखाद्या संगणकाला. जेथे प्रथम पाकिटे गळू लागतील, त्याच्या अलीकडच्या टप्प्यापर्यंत सर्व ठीक आहे. काही संगणक मुद्दामच अशा हाकेला ओ देत नाहीत, हे मात्र विसरू नका. एक गप्प बसला तर दुसऱ्याला विचारून पाहा. प्रत्येक ठिकाणी चार हाकांवर समाधान मानू नका, शंभर तरी मारा. अधूनमधून होणारा बिघाड चार हाकांत हमखास लपून राहतो.

पाकिटे गळतात असे दिसले तर दोन प्रश्न विचारा. शाळा भरण्यापूर्वी, कोणी जाळे वापरत नसतानाही ती गळतात का? आणि लहान पाकिटांपेक्षा मोठी जास्त गळतात का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर तार, तिचे टोक किंवा खाच यांवर संशय घ्या. खराब तारेत एखादा बिट बिघडला की सारे पाकीट निकामी होते. १०,००० बिटांच्या पाकिटाला ५०० बिटांच्या पाकिटापेक्षा हा धोका जवळजवळ वीस पट असतो. तारेचे टोक काढून घट्ट बसवा, मग तार बदलून पाहा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा शंभर हाका मारा. तीन गोष्टी एकदम बदलून जाळे सुधारले, तर दोष कोठे होता ते कधीच कळणार नाही.

गळती फक्त गर्दीच्या वेळी होत असेल, तर ती कोंडी आहे. तार बदलून काही होणार नाही.

तिसरा एक प्रकार अधिक फसवा आहे. एका संगणकावरून मोठी चित्रफीत बाहेर पाठवायला लावा आणि त्याच वेळी दुसऱ्यावरून हाका मारा. गेटवेचे उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येते, एकही पाकीट गळत नाही, पण बाहेरच्या संगणकाचे उत्तर २० मिलिसेकंदांवरून हजारावर जाते, असे दिसले तर? गेटवेची बाहेरच्या बाजूची रांग फार लांब आहे. जिम गेटिस यांना २०१० साली घरून मोठ्या फायली पाठवताना हेच आढळले. दरम्यान स्मृती स्वस्त झाली होती आणि उत्पादकांनी पाकीट गळू नये म्हणून गेटवेत भरपूर रांग दिली होती. पण पाकीट गळले नाही, तर पाठवणाऱ्याला गर्दीची बातमीच मिळत नाही! तो वेग वाढवतच राहतो. सेकंदाला १० लाख बिटांच्या तारेपुढे २० लाख बिटांची रांग उभी राहिली, तर प्रत्येक पाकिटाला दोन सेकंद तिष्ठावे लागते. दूरध्वनीवर बोलताना एवढा विलंब असह्य होतो.

२०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय प्रसिद्ध केला. रांगेत पाकिटे किती आहेत हे गेटवेने मोजू नये. प्रत्येक पाकीट रांगेत किती वेळ थांबले ते मोजावे. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर जागा शिल्लक असतानाही पाकीट टाकून द्यायला सुरुवात करावी. बऱ्याच नव्या राउटरांत ही किंवा अशीच सोय असते, पण कित्येकदा ती बंद ठेवलेली असते. तुमच्या शाळेच्या राउटरात ती आहे का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहता येईल. असल्यास शिक्षकांकडून ती चालू करून घ्या आणि चित्रफीत पाठवत असतानाच्या शंभर हाकांचे आकडे, आधीचे आणि नंतरचे, एकाच आलेखावर काढा.